उंदरांची खेळणी

गेल्या मे महिन्यात पुण्याहून नात आली. एका हातात कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात चादरीने झाकलेले काहीतरी चौकोनी. मला वाटले, आजीसाठी शिलाईचे मशीन आणले की काय! ओटीवर ठेवून तिने चादर दूर केली, तर आत तारेचा पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन पांढरे उंदीर. लाल डोळे, गुलाबी शेपट्या, आणि मिशा सारख्या थरथरताहेत.

"आजोबा, ही चकली आणि ही करंजी."

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कपाळाला हात लावला. "अगो, उंदीर विकत आणलेस? आधी सांगितलं असतंस तर माळ्यावरचे दहा दिले असते, फुकट!"

आता तुम्ही म्हणाल, या वयात आजोबांनी उंदरांवर काय लिहायचे? मलाही तसेच वाटले होते. पण ते दोन जीव महिनाभर आमच्या ओटीवर राहिले, आणि त्यांच्यामुळे काही जुने आणि काही अगदी नवे डोक्यात घोळत राहिले. ते लिहून काढल्याशिवाय सुटका नाही.

आमच्या रत्नागिरीत उंदीर म्हणजे शत्रू. तो नारळाच्या झाडावर चढून कोवळे नारळ पोखरतो, भाताच्या कणगीत शिरतो, कपाटातली पुस्तके खातो (माझ्या बी.ए.च्या नोट्स अशाच गेल्या; जगाचे फार नुकसान झाले नाही ते सोडा). पावसाळ्यात भाताच्या शेतात त्याच्या मुताने लेप्टोचा ताप येतो, तो वेगळाच. गणपतीच्या पायाशी असतो तेवढाच काय तो मानाचा. आणि लहान मुलांच्या गोष्टीत टोपी शिवून घेऊन राजाला वाकुल्या दाखवणारा. बाकी घरात दिसला की काठी.

माझी आजी मात्र उंदराला नुसता शत्रू समजत नव्हती, त्याला भीत होती. मी दहाएक वर्षांचा असताना, म्हणजे १९६० च्या आसपास, एकदा परसात मेलेला उंदीर दिसला. मी शेपटीला धरून उचलला आणि मिरवत ओटीवर आणला. आजीने जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. मला मागील दारी नेऊन तिने कढत पाण्याने आंघोळ घातली, कपडे जाळले, आणि दिवसभर माझ्या काखेत नि जांघेत चाचपून बघत राहिली. संध्याकाळी मग तिने सांगितले. तिचा थोरला भाऊ मुंबईला मांडवीच्या गोदामात हमाली करायचा. प्लेगचे साल. तो आगबोटीने घरी आला तो तापातच, आणि चौथ्या दिवशी गेला. पुढे गावात "उंदीर पडला" असे कुणी म्हटले की माणसे भांडीकुंडी घेऊन घराबाहेर पडत आणि रानात मांडव घालून राहत. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. "पडला" हा शब्द ती अगदी हळू उच्चारायची, जसे काही मोठ्याने म्हटले तर छपरातून खरेच एखादा खाली पडेल.

हे इतिहासाच्या पुस्तकाशी जुळते. मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, आणि तो याच मांडवी भागात. तिथे धान्याची गोदामे, आणि गोदामे तिथे उंदीर. लाखो माणसे शहर सोडून पळाली. गिरण्यांतली आणि गोदीतली माणसे रत्नागिरी जिल्ह्यातली फार, त्यामुळे आपल्या बंदरांवर बोटी भरभरून आल्या. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढते शहर दहा वर्षांत लहान झाले! शाळेत मी हा धडा शिकवत असे तेव्हा रँड, चापेकर बंधू, २२ जून १८९७ एवढेच फळ्यावर लिहायचो. परीक्षेत तेच येई. आजीचा भाऊ कधी फळ्यावर आला नाही.

आमच्या घरात एक पिंजरा होता. लाकडी, पुढून सरकते दार, आत खोबऱ्याचा तुकडा लावायचा आकडा. रात्री "खट्" असा आवाज झाला की सकाळचे काम माझे. विहिरीजवळच्या दगडी डोणीत पिंजरा बुडवायचा आणि शंभर आकडे मोजायचे. मी डोळे मिटून मोजायचो, आणि नव्वदच्या पुढे उगाचच हळू मोजायचो, म्हणजे पुन्हा बुडवायला नको. हे मी नातीला सांगितले तेव्हा ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही नऊ-दहा वर्षांचे होतात." तिचे म्हणणे खरे, पण त्याने फारसे बरे वाटले नाही.

असो. खेळण्यांकडे येऊ.

दुसऱ्या दिवशी नातीने मोबाइलवर मला उंदरांच्या खेळण्यांचे दुकान दाखवले. लाकडी शिडी साडेचारशे रुपये. झोपाळा सहाशे. एक प्लॅस्टिकची नळी, गटाराचा पाईप शोभेल अशी, तिचे तीनशे. मी म्हटले, "हे बघ, जन्मभर मास्तरकी केली. साडेचारशेची शिडी उंदरासाठी माझ्या हातून घेतली जाणार नाही. आपण करू." तिला तेच हवे होते बहुधा.

आता कोकणात सामानाला काय तोटा! परसातच दुकान. चिव्याच्या काठीचे तुकडे काढून, सुंभाने बांधून एक शिडी केली. करवंटीला वरून भोक, बाजूने उंदीर जाईल एवढे दार, कडा काचकागदाने घासून गुळगुळीत, आणि ती काथ्याच्या दोरीने टांगली. पोफळीची वाळलेली विरी गुंडाळून तिचा बोगदा केला. आंब्याची एक जुनी पेटी घेतली, तिचे सगळे खिळे एकेक करून उपसले, आत भाताचा पेंढा भरला आणि त्यात भाजलेले शेंगदाणे लपवले. ही पेटी सगळ्यात यशस्वी. चकली तर तिच्यात शिरली की अर्धा अर्धा तास बाहेर यायची नाही, नुसता पेंढा हललेला दिसायचा. वाणी पूर्वी बांधायचा तशी कागदाची पुडी बांधायची, आत चार चणे, वर दोरा. करंजी आधी दोरा तोडायची, मग पुडी उलगडायची. चकलीला एवढा धीर नव्हता, ती थेट भोक पाडायची. पसरट ताटलीत बोटभर पाणी घालून त्यात हिरवे वाटाणे सोडले तर दोघी मासे धरल्यासारख्या हाताने पकडून खायच्या.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला कुरतडायला काहीतरी लागतेच. आमचे सगळे सामान त्या दृष्टीने खाण्याजोगे होते आणि त्यांनी ते खाल्लेच. शिडी आठ दिवसांत अर्धी झाली. नवी केली. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, कुणी कोकणातले वाचत असाल तर: काजूची टरफले चुकूनही देऊ नका. त्यातल्या तेलाने माणसाची कातडी भाजते, तिथे या जीवाचे काय! आणि माळ्यावरचा उंदीर पकडून पाळायला जाऊ नका. त्याच्या अंगावर काय काय असते ते देवाला ठाऊक. म्हणूनच आमच्या पाहुण्यांचा पिंजरा रात्री घडवंचीवर, दार लावून, बंद खोलीत असायचा, घरच्या मंडळींनी भेटीला येऊ नये म्हणून.

चाक करायला गेलो तिथे फजिती झाली. बाजारातले गजांचे चाक वाईट, त्यात शेपूट किंवा पाय अडकतो असे नातीने सांगितले. म्हणून जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्याला सायकलचे बेअरिंग बसवून मी बिनगजांचे चाक केले. दिवसा फिरवून पाहिले, झकास. उंदीर मात्र रात्री जागतात. दोन वाजता घरात असा काही खडखडाट सुरू झाला की शेजारच्यांच्या ओटीवरचा दिवा लागला. चाक तिसऱ्या दिवशी मोडीत गेले, आणि नाती-आजीचे या बाबतीत प्रथमच एकमत झाले.

राहता राहिला पाळणा. नातीला पिंजऱ्याच्या चार कोपऱ्यांना आकड्यांनी अडकवलेला कापडी पाळणा हवा होता. जुने मऊ सुती कापड पाहिजे. ते फक्त हिच्या पेटीत. "माझ्या लुगड्यात उंदीर झोपवणार? जिवंत असेस्तोवर नाही!" असे उत्तर मिळाले. तो विषय तिथेच थांबला.

दुपारची वामकुक्षी झाली की मी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसायचो. नात तिच्या लॅपटॉपवर शोधून शोधून मला सांगायची, काही पुस्तके माझ्याकडे होती, आणि आमचा एक अभ्यासवर्गच सुरू झाला. पिंजऱ्यातल्या उंदराचा इतिहास! हसू नका, मोठा इतिहास आहे.

आपला काळा उंदीर हा मूळचा इथलाच, हिंदुस्थानातला. पांढरी चकली मात्र त्याची चुलतबहीण म्हणा, ती तपकिरी उंदराच्या कुळातली. ते कूळ उत्तर चीन-मंगोलियाकडचे, आणि शास्त्रीय नाव मात्र नॉर्वेचे! हौसेने उंदीर पाळण्याचे पहिले वेड जपानात, ओसाकाकडे. १७७५ आणि १७८७ साली तिथे रंगीबेरंगी उंदीर कसे निपजवावेत यावर चक्क पुस्तके निघाली. म्हणजे इकडे सवाई माधवराव पेशवे गादीवर होते तेव्हा. इंग्लंडात जॅक ब्लॅक म्हणून एक उंदीर पकडणारा होता, स्वतःला व्हिक्टोरिया राणीचा उंदीरमाऱ्या म्हणवायचा. हेन्री मेह्यूने १८५१ च्या सुमारास लंडनच्या गोरगरिबांवर लिहिले त्यात याची मुलाखत आहे. उंदीर मारणे हा याचा धंदा, पण वेगळ्या रंगाचा सापडला की मारायचा नाही, जपायचा, त्याची पैदास करायचा आणि घरंदाज मुलींना विकायचा. त्या मुली त्यांना खारींच्या पिंजऱ्यात ठेवत. त्या पिंजऱ्यांना फिरते चाक असे. उंदराचे चाक हे खारीकडून आलेले आहे ते असे. मुलांसाठी सशांच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटरनेही सॅमी नावाचा पांढरा उंदीर पाळला होता आणि १९०८ चे एक पुस्तक त्यालाच अर्पण केले.

मारणाराच पाळणारा झाला, हे मला फार आवडले. डोणीचे आठवून असेल.

दुसरा पिंजरा आपल्याकडचा. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९७ साली प्लेगच्या कामासाठी मुंबईत आला. तेव्हा प्लेग कशाने पसरतो यावर मोठमोठ्या डॉक्टरांत वाद. कुणी म्हणे जमिनीतून, कुणी हवेतून, कुणी अन्नातून. सिमाँला पिसवांचा संशय होता. पुढच्या वर्षी कराचीत, २ जून १८९८ रोजी, त्याने एका मोठ्या काचेच्या बरणीत वाळू घालून तीत प्लेगने आजारी उंदीर ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलातल्या मांजराच्या अंगावरच्या आणून सोडल्या. उंदीर मरायला टेकल्यावर बरणीत जाळीचा छोटा पिंजरा सोडला, त्यात धडधाकट उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, फक्त जाळीतून पिसू जाईल एवढी वाट. आजारी मेला, आणि थोड्याच दिवसांत पिंजऱ्यातलाही प्लेगने मेला. बस्स. दोष मेलेल्या उंदरापासून उडी मारणाऱ्या पिसवेचा होता. सिमाँचे म्हणणे बऱ्याच जणांनी उडवून लावले. १९०५ साली नेमलेल्या प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, पुन्हा पिंजरे टांगून तेच सिद्ध केले तेव्हा कुठे लोकांना पटले. तोवर देशात लाखो माणसे गेली होती, आणि १९१८ पर्यंत तो आकडा एक कोटीच्या वर गेला.

मी नातीला म्हटले, बघ, आजी मेलेल्या उंदराला भीत होती ते बरोबरच होते. उंदीर गार पडला की पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात. तिने मला घातलेली कढत आंघोळ आणि जाळलेले कपडे, यात शास्त्र होते! बिचारा उंदीर स्वतःच आधी मरत होता. "उंदीर पडला" या शब्दांत हे सगळे आहे, फक्त आपण ते उंदराच्या बाजूने कधी वाचले नाही.

आणि आता गंमत पाहा. इकडे माणसे उंदीर पडला म्हणून घरे सोडत होती, त्याच १८९८ साली अमेरिकेत क्लार्क विद्यापीठात कॉलिन स्टुअर्ट नावाचा संशोधक उंदरांना फिरत्या पिंजऱ्यांत ठेवून ते किती धावतात ते नोंदवत होता. तिथेच दोन-तीन वर्षांनी विलार्ड स्मॉल याने इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातल्या भूलभुलैयाची नक्कल करून उंदरांसाठी भूलभुलैया बांधला. राजाच्या बागेतले खेळणे उंदराला मिळाले! पुढची साठ वर्षे उंदीर हा मानसशास्त्राचा विद्यार्थीच झाला. वर्गखोली मात्र उघडीबोडकी: एक डबा, अन्न, पाणी, आणि परीक्षेपुरता भूलभुलैया. (आमच्या शाळांची आठवण झाली ना?)

मग कॅनडातले डोनाल्ड हेब. त्यांनी काही उंदीर घरी नेले, मुलींना खेळायला. घरभर हिंडलेले ते उंदीर नंतर भूलभुलैयाच्या परीक्षेत प्रयोगशाळेतल्या डब्यात वाढलेल्यांपेक्षा सरस निघाले. १९४७ साली त्यांनी हे मांडले आणि १९४९ च्या त्यांच्या पुस्तकातही ते आहे. १९६० नंतर कॅलिफोर्नियात बर्कलेला रोझेन्झवाइग, बेनेट, क्रेच आणि मॅरियन डायमंड या चौघांनी हे पद्धतशीर केले. काही उंदीर एकेकटे रिकाम्या पिंजऱ्यात, काही दहा-बारा जणांच्या मोठ्या पिंजऱ्यात शिड्या, चाके, खोके अशा खेळण्यांसह. आणि खेळणी रोज बदलायची. काही आठवड्यांनी पाहिले तर खेळणीवाल्यांच्या मेंदूची वरची साल जाड आणि वजनदार झालेली! तेव्हापर्यंत मेंदू एकदा झाला की झाला असेच शिकवत. मीही तसेच शिकवले.

यातले दोन तपशील मला फार महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे, १९७५ साली त्यांनी काही उंदरांना मोठ्या पिंजऱ्याच्या आत छोट्या जाळीत कोंडून दुसऱ्यांचे खेळणे नुसते बघायला लावले. त्यांच्या मेंदूत काही फरक पडला नाही. दुसरा माझ्या वयाच्या लोकांसाठी: डायमंडबाईंनी ७६६ दिवसांचे उंदीर घेतले, म्हणजे आपल्या हिशेबाने सत्तरी-पंचाहत्तरीचे, आणि त्यांना खेळणी दिली. त्यांचीही साल वाढली. हे ऐकून मी हिला म्हटले, मी उगाच चाक करत बसलो नव्हतो. ती म्हणाली, "दिसतंय."

अलीकडच्याही गोष्टी आहेत. २०१४ साली नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी उघड्या रानात चाके ठेवली, तर रानउंदीर आपणहून येऊन धावून जात. एक बेडूकही चढला म्हणे, आणि गोगलगाईसुद्धा. म्हणजे चाक हे काही कैद्याचेच खूळ नाही. २०१९ साली बर्लिनमध्ये उंदरांना लपंडाव शिकवला, आणि ते खाऊसाठी नाही तर गुदगुल्यांसाठी खेळत. त्याच वर्षी अमेरिकेत रिचमंड विद्यापीठात केली लॅम्बर्ट यांनी उंदरांना गाडी चालवायला शिकवले. ती गाडी कशाची? खाण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याची, खाली चाके, आत तांब्याच्या पट्ट्या. टाकाऊतून टिकाऊ! आपले अरविंद गुप्ता पुण्याच्या आयुकात मुलांसाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी करत, त्यातलाच हा प्रकार. आणि इथेही खेळण्यांत वाढलेले उंदीर गाडी लवकर शिकले.

पण ज्या प्रयोगाने माझी झोप उडवली तो वेगळा आहे.

बर्कलेतच रॉबर्ट ट्रायन याने पिढ्यान् पिढ्या निवड करून दोन घराणी तयार केली होती, भूलभुलैयात हुशार आणि भूलभुलैयात ढ. १९५८ साली कूपर आणि झुबेक या दोघांनी तशी दोन घराणी घेऊन ढ घराण्याची पिल्ले खेळण्यांच्या पिंजऱ्यात वाढवली. ती हुशारांच्या बरोबरीला आली. आणि हुशारांची पिल्ले रिकाम्या पिंजऱ्यात वाढवली, तर ती ढ झाली. हे झाले जातिवंत उंदरांचे. १९६३ साली रॉबर्ट रोझेंथाल याने त्याहून कमाल केली. साध्या, एकसारख्या उंदरांच्या पिंजऱ्यांवर नुसत्या चिठ्ठ्या लावल्या, हे हुशार, हे ढ, आणि ते विद्यार्थ्यांकडे शिकवायला दिले. 'हुशार' चिठ्ठीचे उंदीर खरोखरच चांगले शिकले. कारण त्या विद्यार्थ्यांनी त्यांना नकळत जास्त हाताळले, जास्त प्रेमाने वागवले. मग १९६८ साली रोझेंथाल आणि जेकबसन यांनी तोच प्रयोग शाळेतल्या मुलांवर केल्याचे पुस्तक काढले. त्यातल्या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाले, ते सगळे खरे धरायचे कारण नाही. पण उंदरांच्या चिठ्ठ्या वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणात जाऊन बसलो.

१९७८-७९ ची गोष्ट. एका खेड्यातल्या शाळेत पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. शेवटच्या बाकावर एक मुलगा. पाढे येत नाहीत, जोडाक्षरे वाचता येत नाहीत. आधीच्या गुरुजींनी वर्ग माझ्या ताब्यात देताना हजेरीवर बोट ठेवून सांगितले होते, "हा ढ आहे, याच्यावर वेळ घालवू नका." मी घालवला नाही. तो मुलगा बाकाखाली हात घालून काहीतरी करत असायचा. एकदा मी हात ओढून पाहिले तर चिव्याच्या कामट्यांची एक बैलगाडी. जू, साटा, फिरणारी चाके, सगळे जागच्या जागी, आणि एकही खिळा नाही. मी ती टेबलावर ठेवून घेतली आणि त्याला पट्टी मारली. वर्ष संपेपर्यंत ती गाडी शाळेच्या कपाटात होती. परत दिली की नाही, आठवत नाही. बहुतेक नाहीच. सातवीनंतर तो मुंबईला गेला असे कानावर आले.

माझ्या नोकरीत मला प्रशस्तिपत्रे मिळाली आहेत, निरोप समारंभात मुले रडली आहेत. ते सगळे खोटे नाही. पण चिव्याची शिडी बांधताना माझ्या हाताला ती गाठ जमेना. चाक जागेवर राहावे म्हणून त्याने आस कसा बसवला होता ते मी आठवून पाहत होतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराने केलेले मला सत्तरी उलटल्यावर जमत नव्हते, आणि त्याला विचारायची सोय मी ठेवली नव्हती. नातीने विचारले, "काय झालं आजोबा?" मी म्हटले, "काही नाही, दोरी सरकते आहे." तिला मी हे अजून सांगितलेले नाही. इथे वाचेल तेव्हा कळेल.

जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर नातीचे परत जायचे ठरले. आदल्या दिवशी मी माळ्यावर चढलो आणि आमचा तो जुना लाकडी पिंजरा शोधून काढला. वाळवीने एक कड खाल्ली होती, बाकी शाबूत. सरकते दार काढले, आकडा उपटला, गरम पाण्याने धुऊन दोन उन्हे दाखवायला हवी होती, पण ऊन कुठले! चुलीजवळ वाळवला. काचकागद मारला. मग मात्र तो हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो. नात म्हणाली, "द्यायचा नसेल तर राहू दे." खरे म्हणजे मला शंका होती ती वेगळी. उंदराला कुठलीही नवी वस्तू आधी संशयास्पद वाटते, आणि ही तर त्याच्या कुळाचा इतिहास माहीत असलेली वस्तू. शेवटी म्हटले, घेऊन जा, पण तुझ्या बेताने दे.

परवा तिचा फोन आला. चकली आता दोन वर्षांची होत आली, मागच्या पायात जोर कमी आहे, शिडी चढत नाही. उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. पेंढ्याची पेटी अजून आवडते, पण पुण्यात पेंढा मिळत नाही, आजोबा पाठवाल का? लाकडी पिंजऱ्याचे काय, मी विचारले. पहिले चार दिवस दोघी त्याच्याकडे फिरकल्या नाहीत. आता करंजी त्यात कागदाचे तुकडे नेऊन साठवते. झोपायला मात्र जात नाही. झोपायला त्यांना मऊ काहीतरी टांगलेले हवे, पण तिने तिथे विकत घेतलेला पाळणा नायलॉनचा आहे, नखे अडकतात.

हिने हे सगळे स्पीकरवर ऐकले. काही बोलली नाही. दुपारी मी उठून पाहतो तर पेटी उघडी, आणि ही जमिनीवर बसून आपले एक विटके हिरवे सुती लुगडे कात्रीने चौकोनी कापते आहे. मला पाहून म्हणाली, "नुसते बघत उभे राहू नका. मोजपट्टी आणा. आणि तो पेंढा आधी झटकून घ्या, त्यात किडे असतात."